मधला चौकोन

"मधला चौकोन तूच विणायचास, सगुणा," राहेलबाई म्हणाल्या आणि लोकरीची पिशवी त्यांनी माझ्या मांडीवर ठेवली.

मी हात लावला नाही. पिशवी घसरून खाली पडली. त्यांनीच ती उचलली आणि पुन्हा माझ्या मांडीवर ठेवली, लहान मुलाला समजवावं तसं.

राहेलबाई त्रिभुवन म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीची, सुवार्ताची, सासू. सुवार्ताला जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. आणि ही बाई आपल्या मुलाच्या दुसऱ्या लग्नाचं पांघरूण विणायला सांगण्यासाठी श्रीरामपूरहून आमच्याकडं नगरला आली होती. एकटी आली नव्हती. सोबतीला त्यांच्या चर्चच्या पाळकांच्या बायकोला, पाळकीणबाईंना, घेऊन आली होती, म्हणजे आम्हाला आवाज चढवता येऊ नये.

त्यांच्या मंडळीत एक रीत होती. घरात नवी सून यायची असली की बायका तिच्यासाठी क्रोशाचं पांघरूण करायच्या. प्रत्येकीनं एकेक चौकोन घरी विणायचा, मग सगळ्यांनी जमून ते जोडायचे. बाजूचे चौकोन साधेच असायचे. मधला मात्र भरगच्च हवा. फुगीर पाकळ्यांचं फूल, त्याभोवती टपोरे दाणे, कडेनं उभ्या टाक्यांचे उठावाचे खांब. तो प्रत्येकीला जमत नसे. सुवार्ताच्या लग्नात तो मी विणला होता.

"आमच्याकडं एवढा हात बसलेली कुणी नाही," राहेलबाई म्हणाल्या. "सुवार्ताच्या वेळी केला होतास, तसाच कर."

"तसाच?" मी विचारलं.

पाळकीणबाईंनी चहाची बशी खाली ठेवली. "सगुणाबाई, मनात अढी धरून माणूस सुखी होत नाही. झालं ते देवाच्या इच्छेनं झालं. तुम्ही हा चौकोन दिलात तर दोन्ही घरांतलं सगळं निवळेल."

"मुलगी कुठली?" आईनं विचारलं.

"जालन्याची. शिक्षिका आहे. वय थोडं जास्त आहे, पण माणसं चांगली."

"त्यांना सगळं सांगितलंय ना?" मी म्हटलं.

"जे सांगायचं ते सांगितलंय," राहेलबाई म्हणाल्या आणि पदर सावरून उठल्या.

त्या बसल्या होत्या तिथून हातभर अंतरावर पाळणा होता. पाळण्यात रिबका जागी होती, पायाचा अंगठा तोंडात धरून हुंकार देत होती. सुवार्ताची मुलगी. राहेलबाईंची सख्खी नात. त्या आल्या, चहा प्याल्या, उठल्या, पण मान त्या बाजूला वळली नाही. पाळणा म्हणजे जणू भिंतीला टेकवलेली एखादी खुर्ची.

त्या गेल्यावर आई म्हणाली, "ती पिशवी उद्या कुणाच्या तरी हाती परत पाठव. म्हणावं, वेळ नाही. पण भांडू नकोस."

"का नको भांडू?"

"त्यांनी पोर परत मागितली तर काय करशील? बाप तो आहे तिचा."

आईची ही भीती मला ठाऊक होती. सुवार्ताला पुरलं त्याच दिवशी राहेलबाईंनी बाळ आईच्या ओटीत घातलं होतं. म्हणाल्या होत्या, आमच्याकडं तान्हं सांभाळायला बाई नाही. तेव्हापासून आई प्रत्येक रविवारी दबकून प्रार्थना करायची, की त्या घराला या पोरीची आठवण होऊ नये. देवदान, माझा मेहुणा, एकदाही आला नाही. बाप्तिस्म्याचा निरोप धाडला होता, तरी आला नाही. आई त्याबद्दल देवाचे आभार मानायची. मला मात्र त्याचा संताप यायचा. दोन्ही एकाच घरात, एकाच चुलीपाशी.

मी पिशवी परत पाठवणारच होते. बांधून ठेवावी म्हणून उघडली. आत डाळिंबी लोकरीचे गुंडे होते. एक हातात घेतला आणि टोक ओढलं. लोकर कुरळी होती. नवी लोकर अशी नसते. विणलेलं उसवलं की लोकरीला टाक्यांच्या सुरकुत्या राहतात. धुऊन, वजन टांगून वाळवल्याशिवाय त्या जात नाहीत. राहेलबाईंनी तेवढीही तसदी घेतली नव्हती.

मी गुंडा सोडत गेले. थोड्या अंतरावर गाठ लागली. दोन धागे जोडताना मी गाठ मारते आणि टोकं मागं वळवून पुन्हा एक फेर घेते. मला शिकवणाऱ्या बाईंनी ही सवय लावली होती. ती गाठ माझी होती.

सुवार्ताला दिवस गेले तेव्हा मी तिला याच लोकरीचा स्वेटर विणून पाठवला होता. थंडीत हात झाकले जावेत म्हणून बाह्या थोड्या लांब ठेवल्या होत्या. पोट वाढेल म्हणून पुढून बटणं.

बहिणीच्या अंगावरचा स्वेटर उसवून त्याचे गुंडे केले होते, नव्या नवरीच्या पांघरुणासाठी. आणि ते विणायला मलाच दिले होते. त्यांना ठाऊक नव्हतं असं मी अजूनही मानत नाही. कदाचित त्यांना फक्त लोकर फुकट घालवायची नव्हती. तसं असेल तर ते जास्त बरं, कारण मुद्दाम केलं असेल तर त्याला माझ्याकडं शिवीसुद्धा नाही.

"आई," मी म्हणाले, "मी विणते."

आईनं माझ्याकडं बघितलं. "चांगलं केलंस," ती म्हणाली. तिला वाटलं, मी क्षमा केली.

शाळेत शिकवून घरी आल्यावर मी विणायला बसायची. मधोमध साखळीचं कडं, त्यावर पाकळ्या. पहिल्या पाकळ्यांच्या पाठीमागून साखळी न्यायची आणि दुसरी ओळ घालायची, तिच्यामागून तिसरी; मग फूल कापडावरून उचलल्यासारखं वर येतं. ही माझी आवडती जागा. पण या वेळी फूल वर येईना. हात रागात असला की टाका आवळतो. माझ्या पाकळ्या दगडासारख्या झाल्या, सुई टाक्याच्या घरात शिरेना, चौकोनाच्या कडा द्रोणासारख्या वळल्या. उसवलं. पुन्हा घातलं, पुन्हा तसंच. आधीच एकदा उसवलेली लोकर, ती किती सोसणार? एका जागी धागा तुटला आणि मी सुई भिंतीवर फेकली. रिबका दचकून रडायला लागली.

मी तिला मांडीवर घेतलं आणि तिच्या डोक्यावरून हात पुढं काढून विणू लागले. तिला लोकर हवी असायची. ती धागा ओढायची, मला सैल सोडावा लागायचा. त्यामुळंच की काय, त्या बैठकीत टाके नीट पडले. पाकळ्या उमलल्या. मग दाण्यांची ओळ आली. एकाच घरात पाच खांब घालून त्यांची तोंडं आवळली की दाणा टपकन पुढं येतो. रिबका प्रत्येक दाण्यावर बोट दाबून बघायची. शेवटी कोपरे काढले, कडेचे उठावाचे खांब घातले. चौकोन उशीवर ठेवला तेव्हा आई म्हणाली, असा तुझ्या हातून आजवर झाला नव्हता.

खरंच झाला नव्हता. त्याचाही मला राग आला.

चौकोन जोडायचा दिवस साखरपुड्याच्या आदला होता. जालन्याची मंडळी त्याच दिवशी यायची होती. मी सकाळच्या एसटीनं निघाले. चौकोन पिशवीत आणि रिबका कडेवर.

"तिला कशाला?" आईनं दारात वाट अडवली. "सगुणा, तिला नेऊ नकोस. तुझ्या पाया पडते."

"तिची आजी आहे तिथं. एकदा बघू दे तरी."

माझ्या मनात नेमकं काय होतं, ते मला सांगता येईल. मला बघायचं होतं की त्या घरातलं कुणी हात पुढं करतं का. एक हात. एवढंच. केला असता तर मी चौकोन देऊन, जेवून, मुकाट्यानं परत आले असते. भांडायला जायचं असतं तर मला पोर लागली नसती.

चर्चच्या शेजारच्या खोलीत सतरंज्या अंथरल्या होत्या. पंधरा-वीस बायका गोल करून बसल्या होत्या, मांडीवर आपापले चौकोन, हातात सुया. मी दारात आले आणि बोलणं थांबलं. त्या सगळ्यांना रिबका कोण ते ठाऊक होतं. सुवार्ताच्या मयताला त्याच बायका रडल्या होत्या. एकीनं खाली मान घातली. एकीनं उगाच दोऱ्याचं टोक ओलं केलं.

राहेलबाई लगबगीनं पुढं आल्या. माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "हिला कशाला आणलंस? स्वयंपाकघरात सोफीबाईची सून आहे, तिच्याकडं दे."

"राहू दे माझ्याजवळ. त्रास देत नाही ती."

त्यांना तिथं जास्त बोलता येईना. मी कोपऱ्यात बसले. रिबकाला समोर सोडली. ती रांगत निघाली, या बाईच्या गुडघ्याला धर, त्या बाईचा पदर ओढ. बायका हसायच्या आणि राहेलबाईंकडं बघून हसू आवरायच्या. राहेलबाईंच्या पायाशी पोर पोचली तेव्हा त्यांनी पाय आखडून घेतला.

नवरी मुलगी समोर बसली होती. तिचं नाव सुनीती. चष्मा, घट्ट वेणी, अंगावर साधी वॉयलची साडी. शेजारी तिची आई. मी चौकोन काढून दिला आणि बायकांनी तो मधोमध जोडायला घेतला. सुनीती पुढं सरकली. "किती सुंदर! हात लावू का?" तिनं पाकळीखाली बोट घालून बघितलं. "ही एकाखाली एक कशी बसवली?"

मी सांगणार तोच राहेलबाई बोलल्या, आवाज सगळ्यांना ऐकू जाईल असा. "ही सगुणा. देवदानच्या पहिल्या बायकोची सख्खी बहीण. आम्ही नातं तोडलेलं नाही. त्यांच्याही मनात काही नाही. बघा की, स्वतः विणून आणलाय."

सुनीतीच्या आईनं सुस्कारा सोडला. "बरं वाटलं बाई. तेवढीच धाकधूक होती. कुणीतरी कानावर घातलं होतं की पहिल्या माहेरचे लोक दुखावलेत. आता चिंता नाही."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. हात बसलेली कुणी नाही म्हणून त्या नगरला आल्या नव्हत्या. त्यांना माझा चौकोन हवाच नव्हता. मी तिथं बसलेली हवी होते. साक्षीदार म्हणून. बहिणीच्या स्वेटरच्या लोकरीनं मी त्यांची जबानी विणून आणली होती.

माझे कान तापले. तरी मी गप्प होते. हे मी कुणाला सांगते तेव्हा त्यांना खरं वाटत नाही, पण मी गप्प बसले होते.

मग रिबका रांगत येऊन पांघरुणावर बसली आणि चौकोनावरचे दाणे चिमटीत धरू लागली. सुनीतीनं हसून विचारलं, "आणि ही कोण? गोड आहे. तुमची?"

मी तोंड उघडायच्या आत राहेलबाई म्हणाल्या, "हो, तिचीच."

मी पाळकीणबाईंकडं बघितलं. त्या सुईत दोरा ओवत होत्या. दोरा आधीच ओवलेला होता.

"माझं लग्न झालेलं नाही," मी म्हणाले.

"सगुणा..." राहेलबाई म्हणाल्या.

"माझं लग्न झालेलं नाही, मावशी. मग ही माझी कशी? सांगा यांना. तोंडाला येईल ते बोलता, तर आता हेही सांगा."

"देवाच्या घराशेजारी बसलीयस, तमाशा करू नकोस!"

"देवाच्या घराशेजारी बसून तुम्ही आत्ता काय बोललात? स्वतःच्या नातीला नाकारलंत. तेही एकदा उचलून न घेता!"

सुनीतीची आई एकदा माझ्याकडं, एकदा राहेलबाईंकडं बघत होती. सुनीती मात्र हलली नाही. "आम्हाला सांगितलं होतं की बाळही आईबरोबर गेलं," ती हळू म्हणाली.

"ही बघा गेलेली," मी म्हणाले.

पोरीनं तेवढ्यात एक दाणा तोंडात घातला होता.

"तुमची बहीण कशी गेली?"

"ती तापात गेली, नशीब तिचं..." राहेलबाई सुरू झाल्या.

"मी त्यांना विचारलं," सुनीती म्हणाली. शिक्षिकेचा आवाज होता.

मी सांगितलं. तोंडावर आणि पायांवर सूज होती, डोकं दुखतंय म्हणून सुवार्ता किती दिवस सांगत होती. कळा सुरू झाल्या तेव्हा दवाखाना टांग्याच्या अंतरावर होता. पण या म्हणाल्या, आमच्या घरात सगळी बाळंतपणं घरातच झाली. देवदान दाजी बाहेरच्या खोलीत बसले होते. त्यांचं एकच म्हणणं, आई म्हणेल तसं. तिला झटके यायला लागले तरी आई म्हणेल तसं. दवाखान्यात नेली तेव्हा डॉक्टरांना वाचवायला फक्त पोर उरली होती.

"खोटं आहे! नव्हतीस तू तिथं!" राहेलबाई ओरडल्या. "माहेरच्यांना कुणीतरी दोष द्यायला लागतोच!"

हे खरं होतं, मी तिथं नव्हते. मी सगळं ऐकलेलं सांगत होते. आणि ज्यांच्याकडून ऐकलं होतं त्या सगळ्या बायका त्या खोलीत बसल्या होत्या. एकेकीचं तोंड मी बघितलं. माझा खरा राग तेव्हा राहेलबाईंवरसुद्धा नव्हता. तो त्या खाली घातलेल्या मानांवर होता.

"मी होते," सोफीबाई म्हणाल्या.

त्रिभुवनांच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर होतं. म्हातारी बाई, पुढचे दोन दात पडलेले. "मी टांगा आणायला निघाले होते, राहेल. तूच मला फाटकातून परत फिरवलंस. म्हणालीस, गावात बोभाटा नको. मी फिरले. आता आणखी किती दिवस गिळू?"

राहेलबाई मटकन खाली बसल्या.

सुनीती उठली. तिनं काही मोठं बोलून दाखवलं नाही. रिबकाच्या तोंडातला दाणा तिनं बोटानं सोडवला, तिचे ओठ पुसले आणि म्हणाली, "आई, चल. बाबांना बोलवायला हवं."

"अगं पण उद्याचा कार्यक्रम... सगळ्यांना सांगून झालंय..."

"चल."

त्या दोघी गेल्या. मी पांघरुणाजवळ बसले आणि माझा चौकोन सोडवायला घेतला. चारी बाजूंचे जोडाचे टाके एकेक करून उसवले. बायका बघत राहिल्या.

"लोकर आमची आहे," राहेलबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या. त्याही वेळी त्यांना तेवढंच सुचलं.

"लोकर सुवार्ताची आहे," मी म्हणाले, चौकोन पिशवीत घातला, पोर कडेवर घेतली आणि निघाले.

लग्न मोडल्याचं आठवड्याभरात नगरला कळलं. आईनं माझ्याशी बोलणं टाकलं. दारावर सावली पडली तरी ती रिबकाला उचलून आतल्या खोलीत न्यायची. मला तिची कीव यायची आणि चीडही. आपलंच लेकरू गमावलेली बाई चोरासारखी लपत होती, आणि ज्यांनी लपायला हवं होतं ते उजळ माथ्यानं हिंडत होते.

एका दुपारी देवदान आला. मी दार उघडलं. उंच, गोरा, इस्त्रीचा शर्ट. सुवार्ता त्याच्या शर्टाच्या कॉलरची तारीफ करायची.

"तू माझं लग्न मोडलंस," तो म्हणाला.

"हो."

त्याला मी नाही म्हणेन असं वाटलं असावं. त्यानं शर्टाची कॉलर चाचपली. "गावात मान वर करायला जागा ठेवली नाहीस," तो शेवटी म्हणाला. "आई आजारी पडलीय. तुला काय मिळालं?"

"तुम्ही त्या दिवशी बाहेरच्या खोलीत काय करत होता, दाजी?"

तेवढ्यात रिबका आईच्या हातून निसटून रांगत बाहेर आली आणि माझ्या साडीला धरून उभी राहिली. आई धावत आली, तिनं पोरीला छातीशी धरलं आणि माझ्याआधी बोलली, "जावईबापू, पोरीला नेऊ नका. मी तुमच्या पाया पडते. हिला काय समजतंय? हिच्या बोलण्याकडं लक्ष देऊ नका. पण पोर नेऊ नका."

"मी कुठं नेऊ तिला?" तो म्हणाला. रागानं नाही, नुसतंच.

तो पोरीकडं बघत राहिला. सुवार्ताची हनुवटी होती तिला, कुणालाही दिसावी अशी. त्याचा चेहरा थोडा हलला. मला क्षणभर वाटलं, हा आता हात पुढं करणार. आणि त्यानं केला असता तर मी काय केलं असतं, ते मला ठाऊक नाही.

"नाव काय ठेवलंत हिचं?" त्यानं विचारलं.

आईचं तोंड उघडलं. मी तिच्या दंडावर हात ठेवला. तोवर माझ्या अंगात जे काही महिनोन्महिने उकळत होतं ते एकदम थंड झालं. ते निवलं नव्हतं, थिजलं होतं.

"तुम्ही या आता, दाजी," मी म्हणाले आणि दार लावून घेतलं.

रिबका माझ्याकडंच वाढली, शिकली. लग्नात मीच तिला पोचवलं. तिनं वडिलांचं विचारलं तेव्हा मी तिला सगळं सांगितलं, दाराचंही. ती म्हणाली, मावशी, नाव तरी सांगायचंस. तिचं वय असं बोलण्याचं होतं.

पण मला ती दुपार नीट आठवते. मी कडीवर हात ठेवून दाराशी उभी होते. फटीतून त्याचे बूट दिसत होते. तो बराच वेळ तसाच उभा होता. पुन्हा विचारायला त्याला फक्त दार वाजवायचं होतं.

त्यानं वाजवलं नाही.